वेशीबाहेरची डोंबिवली

साथीचा फैलाव वर्तवणारी संगणकीय प्रारूपे हे गणितज्ञांचे क्षेत्र, असे मानून आपण साहित्याचे अभ्यासक मोकळे होतो. मला ते पटत नाही. प्रारूप हीदेखील एक संहिताच असते. तिच्यात कुणाला स्थान मिळाले आणि कोण वगळले गेले, हा प्रश्न कादंबरीप्रमाणे तिलाही विचारता येतो.

या परंपरेचा एक धागा मुंबईतूनच जातो. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या गणिताचा पायाभूत निबंध लिहिला, तेव्हा आपले सूत्र त्यांनी १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंशी ताडून पाहिले. त्या गणितात शहर म्हणजे एकच एकजिनसी समूह होता. चाळ आणि बंगला असा भेद नव्हता. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी २०२० साली रचलेल्या प्रारूपात असा भेद आला. घर, शाळा, कामाची जागा, झोपडपट्टी आणि पुढे लोकलचा प्रवासही त्यात आला. शिवाय त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली गेली.

खुली आहे म्हणूनच तिची वेस कुणालाही तपासता येते. मुंबईचे हे प्रारूप बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरते आहे. साथ मात्र हद्द जाणत नाही. १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोचलेल्या रेल्वेने ती केव्हाच पुसट केली. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या कल्याण-डोंबिवलीतला चाकरमानी दिवसा मुंबईचा असतो, रात्री आपल्या गावचा. १५ जून २०२० रोजी अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल पुन्हा धावू लागली, तेव्हाही तो तिच्यात होता. मुंबईपुरत्या कथनात तो अर्धाच उरतो.

संशोधकांना दोष देण्याचा हेतू नाही; निवेदकाला कुठेतरी थांबावेच लागते. आक्षेप आहे तो आज्ञावली खुली झाली एवढ्यावर समाधान मानण्याला. प्रवासाची आणि रुग्णांची माहिती हद्दीहद्दींच्या दप्तरांत विभागलेली राहिली, तर खुली आज्ञावलीही अपुरीच गोष्ट सांगेल. अशा अंदाजांच्या आधारे खाटांची तजवीज होते, निर्बंध लावले वा उठवले जातात. म्हणून वगळले कोण, हे विचारणे ही केवळ बौद्धिक हौस नव्हे. असे प्रश्न विचारण्याची सवय साहित्याच्या वर्गात लागते. ती वर्गाबाहेरही उपयोगात यावी.