पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद



गेल्या स्नेहसंमेलनानंतरच्या पालक सभेत फोटोंवरून बरीच चर्चा झाली. त्या वेळी आम्ही फारसे बोललो नाही. त्याचे कारण पुढे येईलच. पण यंदाच्या संमेलनाची तयारी सुरू होण्यापूर्वी आमचे मत लेखी मांडणे आवश्यक वाटते.

तक्रार अशी होती. लेझीम, नाटुकले, समूहगीत, गरबा, सगळ्यांचे फोटो छान आले. फक्त शेवटी वाजलेल्या आपल्या मुलांच्या रॉक बँडचे फोटो बिघडले. एकाचा चेहरा शेंदूर फासल्यासारखा लाल, दुसऱ्याचा चेहराच नाही, तिसऱ्याच्या पुढे पांढऱ्या धुराची भिंत. त्यावर सभेत दोन सूचना आल्या. बँड वाजताना सभागृहातले सगळे दिवे चालू ठेवावेत, म्हणजे फोटो स्वच्छ येतील, ही एक. आणि इतकी कटकट असेल तर बँडच नको, ही दुसरी.

दुसरी सूचना करणाऱ्यांचा खरा राग फोटोंवर नसून ड्रमच्या आवाजावर असावा, अशी आमची समजूत आहे. त्यांना एवढेच सांगतो की, सयाजीराव महाराजांनी १८८६ साली ज्या शहरात मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा सोपवली, त्या शहरातल्या शाळेने मुलांच्या हातून वाद्य काढून घेणे शोभत नाही. पहिल्या सूचनेचा मात्र नीट विचार करायला हवा. ती चांगल्या हेतूने आली आहे, आणि ती चूक आम्ही स्वतः एकदा करून बसलो आहोत.

झाले ते असे. बँडचे दुसरे गाणे चालू होते. मंचावर निळा प्रकाश, मागून एक पिवळा झोत, थोडा धूर. आमच्या मागच्या रांगांतून ‘काही दिसत नाही’, ‘फोटो येत नाही’ असे आवाज येऊ लागले. आम्ही उठलो, भिंतीजवळच्या स्विचबोर्डाशी गेलो आणि ट्यूबलाइटची सगळी बटणे एका दमात दाबली. नववीतला आपला ड्रमर त्या क्षणी एकटाच वाजवत होता. बाकीच्यांनी थांबायचे आणि त्याने एकट्याने वाजवायचे, असा तो भाग होता आणि त्यासाठी त्याने पावसाळ्यापासून तयारी केली होती. तो दचकला, अंधारातले सगळे प्रेक्षक एकदम समोर आले, आणि हातातली काठी चुकली. गाणे कसेबसे पुढे गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. ते फोटो खरोखर स्वच्छ आले आहेत. त्यांत एक मुलगा डोळे मोठे करून समोर पाहतो आहे आणि त्याचे दोन्ही हात थांबलेले आहेत.

सभेत आम्ही गप्प होतो ते यामुळे.

त्याच संध्याकाळी, आम्ही दिवे लावण्याआधी, दहावीतल्या एका विद्यार्थिनीने मंचाच्या विंगेतून वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यावर काही फोटो काढले होते. त्यांतला एक या अंकाच्या शेवटच्या पानावर तिच्या आणि त्या मुलाच्या घरच्यांच्या संमतीने छापला आहे. चित्र दाणेदार आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग निळा आणि अर्धा अंधारात. एक काठी धूसर झाली आहे, कारण ती हलत होती. पण ओठ घट्ट मिटलेले आहेत आणि डोळे झांजेवर. ड्रमरच्या आईने सबंध अल्बममधला एकही फोटो न घेता हाच मागून घेतला.

ज्यांना पैसे देऊन बोलावले होते त्या छायाचित्रकारांना आम्ही दोष देत नाही. प्रत्येक मुलाचा चेहरा दिसला पाहिजे, असे आपणच त्यांना बजावले होते. त्यांनी फ्लॅश मारला. फ्लॅशने रंगीत प्रकाश पुसला जातो, आणि हवेत धूर असेल तर फ्लॅश आधी धुरावरच आपटून परत येतो. म्हणून ती पांढरी भिंत.

मोबाईलच्या फ्लॅशचे तर सांगायलाच नको. दहावीच्या मुलांना ठाऊक आहे की दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. पंधराव्या रांगेतून मारलेल्या फ्लॅशने मंच उजळत नाही, चौदाव्या रांगेतल्या काकांचे टक्कल उजळते. २०२५ च्या जानेवारीत अहमदाबादला कोल्डप्लेचे दोन कार्यक्रम झाले, तेव्हा आपले काही माजी विद्यार्थी गेले होते. त्यांनी हौसेने मोबाईल पुढे केला. काळ्या आभाळाखाली एक पांढरा ठिपका. ‘हा गायक आहे सर,’ असे सांगावे लागले.

मग त्या मुलीला कसे जमले? तिने सांगितलेले, आणि नंतर विज्ञानाच्या शिक्षकांकडून आम्ही समजून घेतलेले, थोडे विस्ताराने लिहितो. विद्यार्थ्यांना याचा उपयोग आहे.

कॅमेरा हा भोळा प्राणी आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ असणार, असे तो धरून चालतो. मंचावर मात्र चारी बाजूंना काळोख आणि मध्ये एक उजळ चेहरा. काळोख पाहून कॅमेरा घाबरतो, प्रकाश वाढवतो, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा होतो. म्हणून कॅमेऱ्याला केवळ चेहऱ्यावरचा प्रकाश मोजायला सांगायचे, किंवा सगळे आकडे हाताने लावायचे. मोबाईलमध्येही बोट चेहऱ्यावर ठेवून उजेड खाली ओढता येतो. पालकांनी एवढे एक केले तरी निम्मे फोटो सुधारतील. रात्रीचा फोटो काढायची जी सोय मोबाईलमध्ये असते ती इथे वापरू नये. ती पडदा फार वेळ उघडा ठेवते, आणि गिटार वाजवणाऱ्याला तेवढा वेळ पुतळ्यासारखे उभे राहता येत नाही.

दुसरी गोष्ट भिंगाची. कॅमेऱ्याबरोबर जे साधे झूम भिंग मिळते ते लांबचे दृश्य जवळ आणताना एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्या मुलीकडे ५० मिलिमीटरचे, एफ १.८ पर्यंत उघडणारे भिंग होते. या दोन आकड्यांत तब्बल दहापट प्रकाशाचा फरक आहे (गणित करून पाहावे, आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग). त्यामुळे तिला शटर सेकंदाच्या १/१२५ भागावर ठेवता आले. गायकाला एवढे पुरते. ड्रमरचे हात गोठवायचे तर १/२५० किंवा त्याहून जलद हवे. ते तिला जमले नाही, म्हणून काठी धूसर आली. ती आम्हाला आवडते. आयएसओ ३२०० ठेवल्यामुळे दाणे आले. येऊ देत. दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवता येतो, गुळगुळीत पण हललेला फोटो टाकून द्यावा लागतो.

लाल दिवा हा सगळ्यांत वाईट. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे बारीक चष्मे असतात. नुसता लाल प्रकाश पडला की लाल चष्म्यामागचे ठिपके भरून वाहतात आणि बाकीचे उपाशी राहतात. नाक, गाल, भुवया सगळे एक होऊन जाते. यावर उपाय म्हणजे थांबणे. दिवा बदलतोच. नाहीतर तो फोटो कृष्णधवल करून पाहावा. आणखी एक त्रास एलईडी दिव्यांचा. ते डोळ्यांना स्थिर दिसतात, पण त्यांतले पुष्कळसे फार वेगाने लुकलुकत असतात, आणि शटर जलद ठेवले की फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. शटर थोडे सावकाश केले की पट्टे बहुधा जातात. शाळेतल्या मंचावर हे सगळे तालमीतच तपासून घेता येते.

पण या आकड्यांहून मोठी गोष्ट वेगळीच होती. ती मुलगी बँडच्या जवळजवळ सर्व तालमींना बसली होती. गायक ओळ संपल्यावर श्वास घ्यायला माईकपासून जरा मागे सरतो आणि तेवढ्या वेळात त्याचे तोंड दिसते, हे तिला माहीत होते. ड्रमर एकट्याने वाजवणार त्याआधी पिवळा झोत येणार, हेही. बाहेरच्या माणसाला हे कसे कळणार? पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सतीश पाकणीकरांनी वर्षानुवर्षे गायक-वादकांची प्रकाशचित्रे टिपली. समेवर येताना गायकाचा हात कुठे जाईल, हे ऐकता आल्याशिवाय ती निघत नाहीत. रॉक असो की ख्याल, इथे फरक नाही.

(आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेव्हा ‘छायाचित्र’ एवढाच शब्द आम्हाला ठाऊक होता. ‘प्रकाशचित्र’ मराठीत भेटला. बँडच्या मंचापाशी उभे राहिल्यावर दोन्ही शब्दांची गरज का पडली ते कळते.)

मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला, तेव्हा छायाचित्रकारांकडे छत्तीस फोटोंचा रोल असे आणि काय आले ते धुतल्यावरच कळे. तरी त्यांनी काढले. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘क्लॅश’ या इंग्रज बँडचा बास वाजवणारा रागाने आपले वाद्य जमिनीवर आपटत असताना पेनी स्मिथ यांनी जो फोटो घेतला, तो त्यांना स्वतःला धूसर म्हणून पसंत नव्हता. बँडने हट्टाने तो ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर छापला. रॉक संगीतातले ते आज सर्वांत ओळखीचे चित्रांपैकी एक आहे. (आपल्या मुलांनी वाद्य आपटू नये. ते शाळेच्या मालकीचे आहे.)

जगभरच्या मोठ्या रॉक कार्यक्रमांत छायाचित्रकारांसाठी एक रीत पडून गेली आहे. पहिली तीन गाणी फोटो काढा, फ्लॅश वापरू नका, आणि मग मंचासमोरून बाजूला व्हा. आम्हाला ही रीत फार शहाणपणाची वाटते. जो वाजवतो आहे त्याचा मंच, जो ऐकायला आला आहे त्याची खुर्ची, आणि फोटो काढणाऱ्याला मोजका वेळ. आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. बँड चार गाणी वाजवतो आणि चारही गाणी सगळे मोबाईल हवेत.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. बँड वाजताना सभागृहातले दिवे बंदच राहतील. फोटो आपलेच सहा विद्यार्थी काढतील, पहिल्या तीन गाण्यांत, फ्लॅशशिवाय. चौथ्या गाण्याला तेही खाली बसून ऐकतील. दिव्यांसकट एक तालीम आधी होईल आणि हे सहा जण तिला हजर राहतील. शाळेच्या कॅमेऱ्यासाठी एफ १.८ चे एक भिंग घ्यावे, ते दहा-बारा हजारांच्या घरात मिळते. सर्व फोटो शाळेतच राहतील, पालकांना हवे ते तिथून मिळतील, आणि ज्यांच्या मुलांचे फोटो नको असतील त्यांनी तसे कळवावे.

विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारले, मुलांच्या हातात कॅमेरा दिला तर अभ्यासाचे काय? प्रश्न रास्त आहे. पण बडोद्याने हा प्रश्न पूर्वी दोन्ही बाजूंनी सोडवून पाहिला आहे. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास इथल्या कलाभवनात शिकत होते. प्राध्यापक गज्जरांनी त्यांना तिथला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे त्यांनी गोध्र्याला व्यवसाय केला, १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावले, आणि बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचे दुकान मांडले. ते चालले नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी वदंता गावात पसरली होती, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. एकाच शहराने एकाच माणसाला एकदा खोली उघडून दिली आणि एकदा दार लावून घेतले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तो मुंबईत.

आम्हाला गज्जरांच्या बाजूला उभे राहायचे आहे. त्या खोलीची किल्ली आज एका भिंगाच्या किमतीत मिळते आहे.

पालकांची एक अडचण आम्हाला मान्य आहे. आपले मूल मंचावर असताना हात खिशात ठेवणे कठीण जाते. नवरात्रात आपण गरब्याच्या मैदानावर फोटो काढतो ते तर दिव्यांच्या लखलखाटात, आणि तिथे कोणाला त्रास होत नाही. म्हणून पहिल्या तीन गाण्यांत तुम्हीही काढा. फक्त फ्लॅश बंद, मोबाईल छातीपेक्षा वर नको, आणि पडद्याचा उजेड कमी. चौथे गाणे मात्र तुमच्याकडे पाहून वाजवले जाणार आहे, तेव्हा डोळे मोकळे असलेले बरे.

इच्छुक विद्यार्थ्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. स्वतःचा कॅमेरा नसला तरी चालेल, तालमींना बसायची तयारी मात्र हवी. विंगेतून फोटो काढणारी ती विद्यार्थिनी आता शाळेत नाही, पण पहिल्या तालमीला येऊन मुलांना शिकवायचे तिने कबूल केले आहे.

ड्रमरला आम्ही बोलावून घेतले आणि झाल्या प्रकाराबद्दल त्याची क्षमा मागितली. तो आधी संकोचला, मग म्हणाला, यंदा वाजवीन, पण एक अट आहे. सरांची खुर्ची स्विचबोर्डापासून लांब ठेवायची. अट मान्य केली आहे.