पावती नसलेल्यांचा न्याय

प्रसूतीच्या वेळी बाळाला झालेली प्रत्येक इजा ही हयगयीचीच निष्पत्ती असते असे नाही. पुष्कळदा कुशल हातही निसर्गापुढे थिटे पडतात. परंतु प्रसूती अडली असता शस्त्रक्रियेचा निर्णय वेळेत झाला नाही, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले गेले नाहीत, आणि प्राणवायूअभावी मेंदूला इजा होऊन मूल जन्मभराचे परावलंबी झाले, तर त्याला दैव म्हणून गप्प बसणे हा अन्यायच होय. अशा आईबापांना दाद कोठे मिळेल, हे प्रसूतीसाठी पैसे मोजले की नाही यावर ठरावे, ही आपल्या कायद्यातील मोठी विसंगती आहे.

खासगी रुग्णालयात पैसे भरलेल्यांची वाट तुलनेने सरळ आहे. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्ण बालकाबरोबर त्याचे आईवडीलही ग्राहक ठरतात व स्वतःच्या मनस्तापाची भरपाई मागू शकतात, असे त्याच न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले. २०१९ च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

मात्र १९९५ च्या त्याच निकालाने एक रेघ ओढली. जेथे काहींकडून पैसे घेतले जातात, तेथील मोफत रुग्णालाही कायद्याचे संरक्षण आहे. पण जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये कायद्याबाहेर राहिली. केसपेपरचे नाममात्र पैसे भरल्याने यात फरक पडत नाही. २०१९ च्या कायद्यानेही विनामूल्य सेवा वगळलेलीच आहे. जननी सुरक्षा योजना (२००५) आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) यांद्वारे शासन शेतमजूर, ऊसतोड कामगार स्त्रीला सरकारी रुग्णालयात बोलावते, आणि त्याच मोफतपणाचे कारण दाखवून कायदा तिला स्वस्त न्यायाचे दार बंद करतो. पैसे मोजणारा तो ग्राहक, न मोजणारा तो याचक! काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर ही स्त्री कर भरते, याचा हिशेब कोणी ठेवायचा?

तिच्यासाठी उरतो दिवाणी दावा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणानंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिल्याने एक स्त्री दगावली. आपल्या नोकरांच्या हयगयीस राज्यच जबाबदार, हे तत्त्व त्या खटल्यात प्रस्थापित झाले; पण ते १९९६ मध्ये. जन्मलेल्या बाळाचे वय तेव्हा बत्तीस होते.

तरीही हाती असलेली साधने कार्यकर्त्यांनी वापरलीच पाहिजेत. रुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख कोरा असेल तर तो कोरेपणाही पुरावा ठरू शकतो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बालकाच्या स्वतःच्या दिवाणी दाव्याची मुदत ते सज्ञान होईपर्यंत धावू लागत नाही. फौजदारी खटल्याला मात्र २००५ च्या निकालानुसार घोर हयगय सिद्ध करावी लागते. आणि रिक्त पदांचा भार एकटीने वाहणाऱ्या परिचारिकेला तुरुंगात धाडून मुलाच्या औषधोपचाराची सोय होत नाही.

म्हणून मागणी मुळाशी भिडणारी हवी. जपानने २००९ पासून जन्मवेळी मेंदूला इजा झालेल्या, ठरावीक निकषांत बसणाऱ्या मुलांसाठी दोष सिद्ध करण्याची अट न घालता तीन कोटी येनची भरपाई सुरू केली. त्याबरोबर प्रत्येक प्रकरणाची कारणमीमांसाही होते. आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. नसबंदी अयशस्वी ठरली तर २००५ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत शासन ठरावीक रक्कम देते. जन्म रोखण्यातील अपयशाची जबाबदारी जे शासन घेते, त्याने जन्म देण्यातील अपयशाची जबाबदारी का नाकारावी? मोफत उपचार हा उपकार नसून हक्क आहे, आणि हक्काचा भंग झाला तर पावती मागण्याचा अधिकार शासनाला नाही.