सुरांची सफर : कोरसचे तालीम मास्तर

मित्रांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत रंगलं, की टाळ्यांचा कडकडाट होतो. गाणारी मुलं एकदम हिरो होतात! पण महिनाभर मधल्या सुट्टीत पेटी घेऊन बसणाऱ्या, "अरे, सूर चढतोय, पुन्हा म्हणा" असं शंभरदा सांगणाऱ्या बाई तेव्हा कुठे असतात? विंगेत! आज अशाच विंगेतल्या एका मास्तरांची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे बरं का.

त्यासाठी आपल्याला जायचंय इटलीतल्या मिलान शहरात. तिथं 'ला स्काला' नावाचं नाट्यगृह आहे. ते १७७८ साली उघडलं. तिथं ऑपेरा होतात. आपल्या संगीत नाटकात संवाद असतात आणि मधूनमधून पदं. ऑपेरात मात्र बहुतेक सगळं गाऊनच बोलायचं. नायक-नायिकेच्या मागे शंभराच्या आसपास गायकांचा कोरस असतो. कधी ते सैनिक होतात, कधी गावकरी, कधी कैदी. सगळं तोंडपाठ हवं, जड पोशाख घालून रंगमंचावर हिंडायचं आणि तरी सूर-ताल सोडायचा नाही. ही तालीम घेतात कोरसचे मास्तर. प्रयोगाच्या वेळी ते प्रेक्षकांना दिसतसुद्धा नाहीत.

ला स्कालाच्या कोरसचं सर्वांत गाजलेलं गाणं ९ मार्च १८४२ रोजी पहिल्यांदा रंगमंचावर आलं. संगीतकार होते ज्युसेप्पे व्हर्दी, वय अवघं २८. त्याआधीच्या काही वर्षांत त्यांची दोन्ही बाळं आणि पत्नी वारली होती. त्यातच एक ऑपेरा सपशेल पडला होता. आणि मग आला 'नाबुक्को'! बाबिलोनच्या राजानं ज्यू लोकांना पकडून आपल्या देशात नेलंय. युफ्रेटिस नदीच्या काठी ते गुलामासारखे राबताहेत आणि हरवलेल्या मायभूमीची आठवण काढून गाताहेत. हेच ते गाणं, 'वा, पेन्सिएरो'. गंमत म्हणजे, कोरसमध्ये उंच आणि खर्जातल्या आवाजांना एरवी वेगवेगळ्या चाली असतात. इथं मात्र बराच वेळ सगळे एकच चाल गातात. सुरुवात अगदी हळू, मग आवाज उसळतो आणि शेवटचा लांब सूर हळूहळू विरून जातो.

१९०१ साली व्हर्दी गेले. महिन्याभरानं त्यांची शवपेटी कायमच्या जागी हलवली, तेव्हा सुमारे ८०० गायकांनी हेच गाणं म्हटलं. संचालन करत होते आर्तुरो टोस्कानिनी. हे नाव लक्षात ठेवा.

पुढे १९२१ साली टोस्कानिनी ला स्कालाची घडी नव्यानं बसवत होते. तेव्हा कोरसचे मास्तर म्हणून आले व्हित्तोरे व्हेनेझियानी. वर्षानुवर्षं त्यांनी तालमी घेतल्या, कोरस घडवला.

आणि १९३८ साल उजाडलं. इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही होती. तिनं ज्यू लोकांविरुद्ध कायदे केले. ज्यू मुलांना सरकारी शाळेतून काढलं, ज्यू शिक्षकांनाही काढलं. व्हेनेझियानी ज्यू होते. सतरा वर्षं काम केलेल्या जागेतून त्यांनाही जावं लागलं. सूर चुकला म्हणून नव्हे, ताल चुकला म्हणून नव्हे. केवळ जन्मानं ज्यू म्हणून! विचार करा, परागंदा ज्यू लोकांचं दुःख ज्या कोरसनं जगाला ऐकवलं, त्याच कोरसचे ज्यू मास्तर आता दाराबाहेर होते. पुढे जीव वाचवण्यासाठी त्यांना स्वित्झर्लंड गाठावं लागलं.

टोस्कानिनीही तेव्हा इटलीत राहिले नव्हते. मुसोलिनीच्या पक्षाचं गीत वाजवायला त्यांनी नकार दिला होता, म्हणून १९३१ साली बोलोन्या शहरात त्यांना मारहाण झाली होती. ते अमेरिकेला गेले. इकडे ऑगस्ट १९४३ मध्ये मिलानवर बॉम्ब पडले आणि ला स्कालाचं छप्पर कोसळलं.

महायुद्ध संपलं. नाट्यगृह पुन्हा बांधलं गेलं. पहिल्या मैफलीला टोस्कानिनींनी यावं, अशी सगळ्यांची इच्छा होती. पण त्यांचा आग्रह होता, की ज्यू म्हणून ज्यांना काढलं त्यांना आधी परत घ्या. मास्तर परत आले!

११ मे १९४६. टोस्कानिनी ७९ वर्षांचे. नाट्यगृह खच्चून भरलं होतं. बाहेर चौकात कर्णे लावले होते, तिथंही माणसंच माणसं. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात 'वा, पेन्सिएरो' होतंच. या वेळी ते गाणाऱ्यांना घर सुटणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्यांची तालीम घेणारे मास्तर तर स्वतःच घरी परतले होते.

व्हेनेझियानी १९५८ साली गेले. ला स्कालाचा कोरस आजही गातो आहे.

तेव्हा दोस्तांनो, यंदाच्या संमेलनात समूहगीत संपलं, की टाळ्या वाजवता वाजवता एकदा विंगेकडेही बघा. पेटी घेऊन बाई तिथंच उभ्या असतील.