बाराव्या महिन्याची भेट

पहिला वाढदिवस जवळ आला की वाशीम जिल्ह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: लेकरू चालायला लागलं का? शेजारचं दहाव्या महिन्यात पावलं टाकत असेल, तर आईच्या जिवाला घोर लागतो. मग बाजारातून चाकांचा वॉकर येतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यात बसलेली मुलं पायऱ्यांवरून कोसळत होती. शिवाय तो चालणं लवकर शिकवत नाही. त्यापेक्षा बाळाला जमिनीवर मोकळं सोडलेलं बरं.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांची प्रगती नोंदवून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. निरोगी मुलांपैकी कुणी आठ महिन्यांनंतर लगेच आधाराशिवाय चाललं, कुणाला साडेसतरा महिने लागले. चार टक्क्यांहून थोडी अधिक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

म्हणून निवांत बसायचं का? मुळीच नाही. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ या घरगुती दिलाशात मोलाचे महिने निघून जातात. वर्षाचं बाळ धरूनही उभं राहत नसेल, एकच हात वापरत असेल, येत असलेली हालचाल विसरलं असेल किंवा अठरा महिने उलटूनही चालत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर वय अपेक्षित तारखेपासून मोजावं.

असा विलंब हेरण्याची व्यवस्था कागदावर आहे. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईने घरी यायचं असतं. या पाच भेटींचा मोबदला बाळामागे २५० रुपये ठरला. एवढ्या तुटपुंज्या पैशांत घाई झाली तर दोष तिला कसा द्यायचा? जोडीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे; त्याची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. विकासातला विलंब शोधणं हे त्याचं एक कामच आहे.

वाशीम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. तिथे कमी वजन आणि खुंटलेल्या उंचीचा हिशेब वरपर्यंत जातो, तो जायलाच हवा. पण बाराव्या महिन्याच्या भेटीत बाळाला खाली सोडून दहा मिनिटं पाहणंही तितकंच सक्तीचं व्हावं, आणि त्या वेळेचे पैसे आशाताईला वेगळे मिळावेत. कामासाठी गाव सोडणाऱ्या आईने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं, म्हणजे जिथे मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीत तपासणी पुढे चालू ठेवता येईल.