वाचता येत नाही, पण ऐकता येतं ना?

तुंगार्लीत पाऊस लागला की घराघरांत बोलणंच थांबतं. पत्र्यावर असा काही आवाज सुरू होतो की शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही. अशाच एका जुलैमधल्या दुपारी मी ओळखीच्या एका ताईंकडे चहाला बसले होते. ताई आणि त्यांचे मिस्टर तिथल्या एका बंगल्याची देखभाल करतात. मालक मुंबईला. सोमवार ते गुरुवार बंगल्याला कुलूप, शुक्रवार संध्याकाळपासून गाड्यांची रांग. म्हणजे सगळ्या जगाला सुट्टी असते तेव्हा या ताईंना श्वास घ्यायला फुरसत नसते.

त्यांचा सहावीतला मुलगा कोपऱ्यात बसून आईच्या मोबाईलमध्ये तोंड घालून ओरडत होता. मला वाटलं, कुणाशी तरी बोलतोय. जवळ जाऊन पाहिलं तर तो इतिहासाचं उत्तर सांगत होता आणि मोबाईल ते लिहून घेत होता. लिहून कसलं घेतोय, भलतंच काहीतरी उमटत होतं. "पाऊस फार आहे मावशी, त्याला ऐकू येत नाय," त्यानं मला समजावून सांगितलं. जणू मोबाईल म्हणजे घरातले कानानं अधू झालेले आजोबा!

हा मुलगा चौथीपर्यंत वर्गात 'ढ' होता. वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. 'घर'चं 'धर' आणि 'भाजी'ची 'माजी' व्हायची. वही बघवत नव्हती. ताईंनी काय नाही केलं! क्लास लावला, देवाला नवस बोलल्या, आणि खरं सांगायचं तर चार फटकेही दिले. "तोंडी विचारलं तर सगळं येतंय हो त्याला, मग लिहायलाच का रडतं?" हा त्यांचा प्रश्न मी निदान दहा वेळा ऐकला असेल. शाळेत विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, लक्ष नाही, मोबाईल काढून घ्या. (कुठली शाळा ते सांगत नाही. तुमच्या-माझ्या गावातली कुठलीही समजा.)

2007 च्या डिसेंबरमध्ये 'तारे जमीन पर' आला तेव्हा आपण सगळ्याजणी थिएटरात रडलो. डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला तो त्या सिनेमामुळे. पण सिनेमातला मुलगा बोर्डिंगमध्ये होता, वाचायचा आणि चुकायचा तो इंग्रजी-हिंदी. आपल्याकडे मात्र अजूनही समजूत आहे की हे इंग्रजी शाळेतल्या मुलांचं दुखणं. मराठी कसं, जसं बोलतो तसंच लिहितो, त्यात काय अवघड!

जरा मुलाच्या डोळ्यांनी बघा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, पण बोलताना क आधी. म्हणजे नजर एकदा मागं जाऊन पुन्हा पुढं यायची. एकटा 'र' घ्या. 'प्र'मध्ये तो पोटाला, 'ट्र'मध्ये पायाला, 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'सुऱ्या'त आणखी वेगळा. घ-ध, भ-म, प-ष ही तर जुळी भावंडंच. ज्या मुलाच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची गाठ पटकन बांधता येत नाही, त्याच्यासाठी मराठीचं पानसुद्धा घाटातल्या धुक्यासारखं असतं. बुद्धीचा त्यात काही संबंध नाही.

या मुलाचं नशीब असं की पाचवीला त्याला एक वेगळ्या बाई भेटल्या. त्यांनी मोठं काही केलं नाही. धड्याच्या पानावर मोबाईलचा कॅमेरा धरला, आणि मजकूर ओळखून मोठ्यानं वाचून दाखवणारी गुगल लेन्सची सोय त्याला शिकवली. कानात इयरफोन, समोर पुस्तक, बोट ओळीवर. तो ऐकत ऐकत बघू लागला. पुढं बोलून टाइप करायला शिकवलं. 2017 पासून ही सोय मराठीतही आहे. आणि एक गोष्ट केली जी कुठल्याही यंत्रात मिळत नाही. घटक चाचणीत त्याचं उत्तर तोंडी घेतलं आणि ते उत्तर म्हणून धरलं.

लगेच पहिला नंबर वगैरे काही आला नाही. वाचन अजूनही अडखळतच आहे. पण शाळेत जायच्या वेळी पोटात दुखणं थांबलं, एवढं ताईंना पुरे आहे.

आता वर्गातल्या टेक्नॉलॉजीबद्दल माझं थोडं कडू मत. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या शाळांत प्रोजेक्टर आले, टीव्ही आले, फिती कापल्या गेल्या. पण भिंतीवरचा पडदा सगळ्यांना एकाच वेगानं शिकवतो. जो मागं पडत होता तो अंधारात बसून मागं पडतो, इतकाच फरक. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी त्या व्हिडिओखाली अक्षरं नसतात. ज्याला कमी दिसतं त्याला शेवटच्या बाकावरून तो पडदा म्हणजे उजेडाचा ठिपका. थांबवता येईल, मागं नेता येईल, मोठं करता येईल, असं साधन त्या एका मुलाच्या हातात हवं. मग ते शाळेचं जुनं टॅब असलं तरी चालेल.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी नेमकं हेच ओळखलं. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक वेगळ्याच भाषेत. गुरुजी आधी ती भाषा शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, मग पानांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड उघडला की कविता ऐकायला मिळायची, धडा बघायला मिळायचा, हव्या तितक्या वेळा. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आपण दहा लाख डॉलरचा आकडा आणि निम्मी रक्कम इतर शिक्षकांना वाटून टाकण्याचा मोठेपणा लक्षात ठेवला. मला मात्र ते आधी भाषा शिकले हे जास्त मोठं वाटतं.

क्यूआर कोड आज आपल्या मुलांच्या पुस्तकांतही असतात. किती घरांत ते उघडले जातात? एका मोबाईलवर तीन माणसांचं चालतं, आणि तो मोबाईल बहुधा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो. तुंगार्लीसारख्या ठिकाणी शनिवार-रविवारी तर आई बंगल्यावर आणि मोबाईल पाहुण्यांच्या फोनसाठी अडकलेला. शिवाय मराठी मजकुराची आणखी एक गंमत. जुन्या फॉन्टमध्ये बनवलेली पीडीएफ आपल्या डोळ्यांना मराठी दिसते, पण वाचून दाखवणाऱ्या यंत्राला त्यात निव्वळ कचरा सापडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूरच यंत्राला नीट वाचता येतो. म्हणून शाळेनं प्रश्नपत्रिका किंवा नोट्स व्हॉट्सॲपवर पाठवताना एवढं बघितलं तरी एखाद्या मुलाचा अभ्यास सोपा होईल. यासाठी कुणाला खर्चही नाही.

मोबाईलची भीती खोटी नाही, हेही मान्य करते. ताईंचा मुलगा धडा ऐकता ऐकता रील्सवर घसरतो, त्यांना माहीत आहे. बहुतेक शाळांत मुलांना मोबाईल आणायची बंदी आहे आणि ती असावी. पण चष्मा लावणाऱ्या मुलीला 'चष्म्याशिवाय वाच' असं आपण म्हणत नाही. बंदीच्या नियमात एका मुलापुरती, बाईंच्या टेबलावर, बाईंच्या नजरेसमोर सवलत ठेवायला काय हरकत आहे?

ही सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हा 21 प्रकारांपैकी एक आहे. कायद्याचं कलम 16 म्हणतं की शाळेनं अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यांना शिकवण्याची योग्य ती पद्धत वापरावी. पुढच्याच कलमात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. शिक्षकांना प्राथमिक अंदाज यावा म्हणून एनसीईआरटीनं 2022 मध्ये 'प्रशस्त' नावाचं ॲपही काढलं. तुमच्या शाळेत ते कुणी उघडलंय का, एकदा विचारून बघा. भांडायला नको, नुसतं विचारायचं.

अंदाज वेगळा आणि प्रमाणपत्र वेगळं, हे मात्र विसरू नका. त्यासाठी सरकारी रुग्णालयात रीतसर तपासणी लागते. मावळातल्या बाईसाठी याचा अर्थ सकाळची लोकल, पुण्यात रांग, बुडालेला रोज, आणि एका फेरीत काम होत नाही ते वेगळंच. दहावीच्या तोंडावर धावाधाव करणाऱ्या आया मी पाहिल्यात. तिसरी-चौथीत शंका आली तर तेव्हाच कामाला लागा. आणि मावळातल्या मुलांसाठी ही तपासणी महिन्यातून एक दिवस लोणावळ्यातच व्हावी, ही मागणी आपल्या बचत गटांनी, महिला मंडळांनी नगरपरिषदेकडे आणि आमदारांकडे का लावून धरू नये? हळदी-कुंकवाला शंभर जणी जमतो, एका अर्जावर शंभर सह्या व्हायला किती वेळ लागेल?

त्या दुपारी पाऊस काही कमी होईना. शेवटी ताई उठल्या, गादीवरची जाड गोधडी काढली आणि लेकाच्या डोक्यावरून पांघरली. आत अंधारात मोबाईलचा उजेड आणि त्याचा आवाज. थोड्या वेळानं गोधडीतून डोकं बाहेर काढून त्यानं स्क्रीन माझ्यापुढं धरला. चार ओळी. तीन चुका होत्या, त्यातल्या दोन त्यानं स्वतःच बोट ठेवून दाखवल्या.