डेलॉइटला सरकारचे पैसे परत का करावे लागले? सल्लागार आणि क्लायंटमधला व्यवहार समजून घ्या

सरकारांना आणि मोठ्या कंपन्यांना सल्ला देणं हा डेलॉइटचा धंदा. जगातल्या चार बड्या ऑडिट-सल्लागार कंपन्यांपैकी ही एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने तिथल्या केंद्र सरकारला एका अहवालाचे काही पैसे परत द्यायचं मान्य केलं. या अहवालात अस्तित्वातच नसलेल्या संशोधनांचे दाखले होते. कोर्टाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक अवतरण तर निकालात कुठेच नव्हतं.

बातमी व्हायरल झाली ती 'एआयने घोळ घातला' म्हणून. पण हा प्रश्न एआयपुरता नाही. सल्लागार नेमका कशाचे पैसे घेतो, क्लायंट ते काम तपासतो का, आणि चूक झाली की भोगतं कोण, हे सगळंच या प्रकरणात उघड झालं.

नेमकं काय झालं?

ऑस्ट्रेलियाच्या रोजगार खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये डेलॉइटला एक काम दिलं. किंमत सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण अडीच कोटी रुपये. जुलै २०२५ मध्ये अहवाल खात्याच्या वेबसाइटवर आला.

सिडनी विद्यापीठातले कायद्याचे अभ्यासक ख्रिस्तोफर रज यांनी तो वाचला आणि त्यांना शंका आली. त्यांच्याच क्षेत्रातल्या एका प्राध्यापिकेच्या नावावर तिने कधी लिहिलंच नव्हतं असं पुस्तक दाखवलं होतं. रज यांनी आणखी शोध घेतला तेव्हा अशा बऱ्याच चुका सापडल्या. एका खटल्यातल्या न्यायाधीशांच्या तोंडी घातलेलं वाक्य बनावट होतं, शिवाय त्यांच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या माध्यमांनी ऑगस्टमध्ये हे प्रकरण लावून धरलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुरुस्त अहवाल अपलोड झाला. आधीच्या अहवालात नसलेली एक माहिती त्यात होती. कामाच्या काही भागासाठी 'अझूर ओपनएआय जीपीटी-४ओ' या एआय मॉडेलवर आधारित साधन वापरलं होतं. चुका एआयमुळेच झाल्या, असं मात्र डेलॉइटने थेट म्हटलं नाही. काही तळटीपा आणि संदर्भ चुकले होते, एवढं मान्य केलं आणि कराराचा शेवटचा हप्ता परत द्यायची तयारी दाखवली. हा विषय क्लायंटशी थेट बोलून मिटवला आहे, अशी कंपनीची भूमिका होती.

खात्याचं म्हणणं होतं की अहवालाचा गाभा आणि शिफारशी बदललेल्या नाहीत. ग्रीन्स पक्षाच्या खासदार बार्बरा पोकॉक यांना हे पटलं नाही. पूर्ण रक्कम परत घ्या, अशी मागणी त्यांनी केली.

अहवाल होता कशाबद्दल?

हा भाग बातम्यांमध्ये मागे पडला, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियात बेरोजगारांना सरकारी भत्ता मिळतो, पण त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. ठरलेल्या भेटींना जायचं, नोकरीसाठी अर्ज करायचे. अट चुकली की संगणकीय यंत्रणा आपोआप भत्ता थांबवते, पुढे दंडही लागतो. ही यंत्रणा २०१८ पासून चालू आहे आणि ती कायद्याला धरून चालते का, हे डेलॉइटला तपासायचं होतं.

ही शंका हवेतली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ओम्बड्समनने सांगितलं की कायदा बदलला तरी यंत्रणा बदलली नव्हती, आणि त्यामुळे ९६४ लोकांचा भत्ता बेकायदा रद्द झाला. या लोकांसाठी भत्ता म्हणजे घरभाडं आणि किराणा. त्यांच्या हक्काशी जोडलेल्या कायद्याची चर्चा करणाऱ्या अहवालातच निकालाचा खोटा दाखला असेल, तर तो केवळ 'तळटीप चुकली' म्हणून सोडून देता येत नाही.

जुनी जखम: रोबोडेट

२०१५ ते २०१९ दरम्यान 'रोबोडेट' योजनेत सरकारने लोकांच्या वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून 'तुम्हाला जास्त भत्ता मिळाला, परत करा' अशा नोटिसा धाडल्या. चार लाखांहून जास्त लोक यात भरडले गेले. ही पद्धत बेकायदा असल्याचं २०१९ मध्ये कोर्टात सरकारला मान्य करावं लागलं. डेलॉइटच्या अहवालातलं बनावट अवतरण याच खटल्याच्या नावावर होतं.

रोबोडेटची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर आणखी एका सल्लागाराचं काम आलं. २०१७ मध्ये या योजनेच्या तपासणीचं सुमारे १० लाख डॉलरचं काम पीडब्ल्यूसीला दिलं होतं. अहवालाचा मसुदा तयार झाला, पण अंतिम अहवाल कधी दिलाच गेला नाही. पैसे मात्र दिले गेले.

म्हणजे एका अहवालात खोटे दाखले, आणि दुसरा अहवाल आलाच नाही. दोन्ही वेळी कागदोपत्री 'क्लायंट' होतं सरकार, आणि परिणाम ज्यांच्यावर होणार होता ते लोक करारात कुठेच नव्हते.

सल्लागाराचं काम चालतं कसं?

अशा प्रत्येक कामात साधारण चार गोष्टी आधी ठरतात. कामाची व्याप्ती किती, हातात काय मिळणार, कधी मिळणार, आणि पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे. शेवटचा हप्ता सहसा काम तपासून स्वीकारल्यावर दिला जातो. क्लायंटच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तेच.

अडचण अशी की तपासणार कोण? क्लायंट सल्लागार नेमतो तेच मुळात स्वतःकडे तेवढं मनुष्यबळ किंवा ज्ञान नसतं म्हणून. शेकडो पानांचा अहवाल आला की पहिली दहा पानं आणि शिफारशी वाचल्या जातात, तळटीपा कोणी उघडत नाही. सल्लागारालाही हे ठाऊक असतं. शिवाय पुढचं कंत्राट याच क्लायंटकडून मिळवायचं असतं, त्यामुळे न आवडणारं सांगण्यापेक्षा नातं टिकवण्याकडे कल राहतो. क्लायंटलाही आपणच निवडलेल्या सल्लागाराचं काम वाईट निघालं, हे जाहीरपणे सांगणं जड जातं. दोघांचंही हित प्रकरण शांतपणे मिटण्यात असतं. म्हणूनच डेलॉइटची चूक खात्याने नाही, तर बाहेरच्या अभ्यासकाने पकडली.

नातं फार घट्ट झालं की काय होतं, याचं उदाहरणही ऑस्ट्रेलियातच आहे. पीडब्ल्यूसीचे भागीदार पीटर कॉलिन्स सरकारला करकायद्यांवर सल्ला देत होते. त्यांनी सरकारची गोपनीय माहिती कंपनीतल्या सहकाऱ्यांना दिली आणि तिचा वापर खासगी क्लायंट मिळवण्यासाठी झाला. २०२३ मध्ये हे उघड झाल्यावर पीडब्ल्यूसीला तिथला सरकारी सल्ल्याचा अख्खा व्यवसाय अवघ्या एका डॉलरला विकावा लागला. त्याच वर्षी सरकारने स्वतःचा सल्लागार विभागही सुरू केला.

मग एआय वापरायचंच नाही का?

तसं नाही. डेलॉइटने वापरलेलं साधन खात्याच्याच परवान्यावर आणि खात्याच्याच यंत्रणेवर चालत होतं. वादाचा मुद्दा वेगळा आहे. पहिल्या अहवालात एआयचा उल्लेख नव्हता आणि त्यातले दाखले कोणी मूळ कागदाशी ताडून पाहिले नव्हते. एआय मॉडेल खरा वाटणारा संदर्भ सहज तयार करतं, कारण शब्दांची शक्यता जुळवणं हे त्याचं काम. तो संदर्भ खरोखर आहे का, हे माणसालाच पाहावं लागतं. सल्लागाराची फी असते ती या जबाबदारीसाठी. सही त्याची, तर तपासणीही त्याची.

आपला काय संबंध?

मुंबई-पुण्यात या कंपन्यांची मोठी कार्यालयं आहेत, हजारो मराठी तरुण तिथे काम करतात. आपल्याकडे मंत्रालयांपासून महापालिकांपर्यंत आराखडे, धोरणं आणि प्रकल्प अहवाल सल्लागारांकडून करून घेतले जातात. तिथेही हेच प्रश्न विचारता येतात. करारात एआयचा वापर उघड करायची अट आहे का? अहवाल स्वीकारण्याआधी त्रयस्थ माणसाने तपासला का? तो लोकांसाठी खुला आहे का?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ऑस्ट्रेलियातला अहवाल वेबसाइटवर टाकला होता, म्हणून एका वाचकाला चूक दिसली. तो फाइलमध्येच राहिला असता तर शेवटचा हप्ताही गेला असता आणि खोटा दाखला पुढच्या निर्णयांमध्ये खरा म्हणून फिरत राहिला असता.