योगायोग म्हणण्याआधी मोजा

एखाद्या वस्तीत एकाच आजाराचे रुग्ण लागोपाठ सापडू लागले की वस्ती म्हणते, ‘पाणीच विषारी आहे’ आणि अधिकारी म्हणतात, ‘हा योगायोग आहे’. आमचा दोघांनाही सवाल आहे, मोजले कोणी?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न शहरात हाच प्रश्न उभा राहिला. तेथे मुलांना रक्ताचा कर्करोग होत होता. एक आई पाण्याकडे बोट दाखवत होती, पण तिचे ऐकतो कोण? १९७९ साली शहराला पाणी पुरविणाऱ्या दोन विहिरींत घातक रसायने सापडली आणि त्या बंद झाल्या. १९८१ च्या सरकारी अहवालात १९६९ ते १९७९ चा हिशेब आला. अपेक्षित बालरुग्ण ५.३, प्रत्यक्षात १२! निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता हजारात सुमारे आठ. तरीही पाण्याशी संबंध सिद्ध होत नाही, असेच सांगण्यात आले.

लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ लॅगाकोस आणि झेलन यांच्यासोबत स्वयंसेवकांनी टेलिफोनवरून हजारो घरांची माहिती गोळा केली. कोणत्या भागाला कोणत्या वर्षी त्या विहिरींचे किती पाणी गेले, तेही तपासले. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात हे पाणी आणि बालरुग्ण यांचा संबंध दिसला. आक्षेप आले, पण प्रश्न दडपता आला नाही.

मात्र आकड्यांशी लबाडी दोन्ही बाजूंनी होते. आधी भिंतीवर गोळ्या झाडायच्या आणि मग छिद्रांभोवती वर्तुळ काढून ‘नेम लागला’ म्हणायचे, हे शास्त्र नव्हे. रुग्ण पाहून सीमा आखली तर कोणतीही वस्ती रोगट ठरेल. म्हणूनच कुलडॉर्फ यांच्या १९९७ च्या पद्धतीत नकाशावर लहानमोठी वर्तुळे फिरवतात आणि सर्वांत संशयास्पद वर्तुळ योगायोगाने तयार केलेल्या शेकडो नकाशांशी ताडून पाहतात. उलट, वस्तीचे रुग्ण अख्ख्या जिल्ह्याच्या सरासरीत मिसळले की ते दिसेनासेच होतात. शिवाय रुग्ण थोडे असतील तर ‘सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो, वस्तीची वही ठेवा. रुग्णाचे वय, निदानाची तारीख, वस्तीत किती वर्षे राहिला, पाणी कुठले प्यायला, हे लिहा. वस्तीची एकूण लोकसंख्या वयोगटांनुसार लिहा, कारण त्याशिवाय अपेक्षित रुग्ण किती, हे काढताच येत नाही. आणि मोजण्याची सीमा व काळ आधीच ठरवा. नोंद नसेल तर आमचे दुःख अफवा ठरते. नोंद असेल तर उत्तर द्यावेच लागते.